मालव्यातला वसंत आणि आपलं घड्याळ: इंदुरातल्या घरच्या बागेचं वेळापत्रक

मालव्यात वसंत येतो आणि बघता बघता निघूनही जातो. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते. तिथून होळीपर्यंत सकाळ-संध्याकाळ अशी हवा असते की गच्चीवरून खाली उतरावंसं वाटत नाही. पाडव्याची गुढी उतरेपर्यंत मात्र दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं. फेब्रुवारीत दुपारी २८ अंशांच्या आसपास असलेला पारा मार्चअखेर ३५ च्या पुढे जातो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री मार्चमध्येही बऱ्याच गार राहतात, आणि झाडांना तेच मानवतं.

म्हणजे हातात आले सहा ते आठ आठवडे. नेमक्या याच आठवड्यांत मुलांच्या परीक्षा, ऑफिसात मार्च एंडिंग, लग्नाच्या पत्रिका आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. बागकामाच्या याद्या तर या दिवसांत संपता संपत नाहीत. सगळी यादी पुरी करायला गेलं तर बागेत बसायला कोणी उरतच नाही. म्हणून इथे कामं मोजकीच सांगितली आहेत. ती तुमच्या दिवसात कुठे बसवायची यावर भर जास्त आहे. रामबागेतल्या जुन्या घराचं अंगण असो, सुदामानगरातली गच्ची असो की निपानियातल्या फ्लॅटची चार फुटी बाल्कनी, हिशोब तोच.

आधी खुर्ची

पहिलं काम झाडांचं नाही, खुर्चीचं. घरात कोण कधी मोकळं असतं ते आधी बघा. सकाळी साडेसहाचा चहा निवांत होतो, की संध्याकाळी सातनंतरच पाय मोकळे होतात? त्या वेळेला बागेत जाऊन उभे राहा आणि ऊन कुठे आहे, वारा कुठून येतो ते पाहा. मार्चमध्ये आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, कोरडा येतो. त्यामुळे पश्चिमेच्या कठड्याला जाळी किंवा बांबू लावून वेल चढवावा आणि बसायची जागा पूर्वेला किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठेवावी. खुर्ची पक्की झाली की कुंड्या तिच्याभोवती लावायच्या: वासाची झाडं हाताच्या अंतरावर, काटेरी लांब, आणि भरलेली बादली चार पावलांत. हे उलट्या क्रमाने केलं की बाग छान दिसते, पण तिच्यात बसायला जागा नसते. शेजारपाजारच्या बऱ्याच गच्च्यांची गत हीच आहे.

गच्चीवाल्यांनी वजनाचा विचार करावा. वीस लिटरची ग्रो बॅग ओली झाली की सहज २५-३० किलो भरते. अशा पिशव्या गच्चीच्या मध्यभागी गोळा करू नका. भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेत, खाली विटा देऊन ठेवा. विटांमुळे पाणी निघून जातं आणि स्लॅबवर ओल राहत नाही.

घड्याळ बघून झाडं निवडा

नर्सरीत लोक रंग बघून झाडं घेतात. मी म्हणेन, वेळ बघून घ्या. फुलांच्याही ड्यूटीच्या वेळा असतात, आणि तुमची ड्यूटी त्यांच्याशी जुळली नाही तर ती फुलं तुमच्यासाठी नाहीतच.

‘ऑफिस टाईम’ म्हणून जी बारक्या पानांची फुलं आपण लावतो, ती सकाळी ऊन चांगलं वर आलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. साडेनऊला घर सोडून सातला परतणाऱ्या माणसाला ती फक्त रविवारी दिसतात. घरात दुपारी कोणी असेल, आजी-आजोबा किंवा शाळेतून लवकर येणारी मुलं, तर जरूर लावा. सकाळच्या चहावाल्यांसाठी जास्वंद आणि गोकर्ण. संध्याकाळी घरी पोचणाऱ्यांसाठी तर यादीच मोठी आहे: गुलबक्षी चारच्या पुढे उमलते, मधुमालतीचे झुबके तिन्हीसांजेला पांढरे उघडतात आणि पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होतात, मोगऱ्याची कळी अंधार पडता पडता फुलते. रातराणीचं सांगायलाच नको. फक्त ती झोपायच्या खिडकीला अगदी चिकटून लावू नका. काहींचं डोकं धरतं.

हाच नियम भाजीच्या वेलांना लावला तर एक मोठी अडचण सुटते. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उघडतात. काकडी आणि गिलक्याची सकाळी. वेलाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीवर मधमाश्या कमी फिरकल्या तर मादी फुलामागचं बारीक फळ पिवळं पडून गळतं. मग आपण खताला दोष देतो. खरं काम एका मिनिटाचं आहे. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचा. पण हे फूल ताजं असतानाच व्हायला हवं. संध्याकाळी मोकळे असणाऱ्यांनी दुधी-दोडका लावावा. सकाळी फिरून येऊन बागेत डोकावणाऱ्यांनी काकडी-गिलकं. उलट लावलंत तर वेल हिरवागार आणि टोपली रिकामी.

थंडीची मोसमी फुलं (पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, कॅलेंडुला, लार्कस्पर) आत्ता भरात असतात आणि ठेल्यावर फुलांनी लदलेली रोपं बोलावत असतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत घ्यायला हरकत नाही. तेव्हाही फुललेल्यापेक्षा कळ्यांचं रोप घ्या. मार्चच्या मध्यावर मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, दोन-तीन आठवड्यांत ते करपणार.

तिथी बघा, पण पाराही बघा

आपल्याकडे बागेची कामं सणांच्या खुणेने लक्षात राहतात आणि ती खूण सोयीची आहे. पण अधिक मासामुळे वसंत पंचमी कधी जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात येते, कधी फेब्रुवारीच्या मध्यावर. म्हणून पेरणीपुरतं रात्रीच्या थंडीवर विसंबा. पहाटे पंख्याशिवाय पातळ चादर पुरते आहे, रजई पायाशी सरकली आहे, रात्रीचा पारा सलग आठवडाभर पंधराच्या वर आहे, म्हणजे उन्हाळी भाज्यांचं बी टाकायची वेळ झाली. पळस फुलला, कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळू लागली, या खुणाही बहुधा त्याच सुमारास दिसतात.

काळ्या मातीचा वापसा

मालव्याची काळी माती शेताला सोनं आहे, कुंडीत मात्र ती एकटी घातली तर डोकेदुखी. ओली झाली की फुगते आणि मुळांचा श्वास कोंडते. सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी मातीत न मुरता त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. बऱ्याच जणांना वाटतं आपण रोज पाणी देतो तरी झाड का सुकतंय. ते पाणी झाडाला मिळतच नसतं.

अंगणात जमिनीत वाफा असेल तर खणण्याआधी वापसा, म्हणजे मातीत काम करण्याजोगी ओल आहे का, ते बघा. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर कुदळ-खुरपी घ्या. चिकटून तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत काम केलं की ढेकळं अशी वाळतात की पुढे ती हाताने फुटत नाहीत.

कुंडीसाठी मिश्रण साधं आहे: दोन भाग माती, दीड भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, आणि अर्धा भाग कोकोपीट. बाल्कनीत हलकं हवं असेल तर माती कमी करून कोकोपीट वाढवा. वीस लिटरच्या पिशवीला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली की पुढच्या तक्रारी कमी होतात. जुन्या कुंड्या सगळ्या रिकाम्या करायची गरज नाही. वरची तीन इंच माती काढा, ती कंपोस्टच्या पिंपात टाका आणि जागी नवीन मिश्रण भरा. एका संध्याकाळी चार-पाच कुंड्या, इतकंच. सगळ्या एकाच रविवारी उरकायच्या मागे लागलात तर सोमवारी कंबर बोलेल.

आपली माती चुनखडीची, अल्कधर्मी आहे. लिंबू, गुलाब, जास्वंद यांची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की ती लोहाची कमतरता असते. मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत झाडाला ते उचलता येत नाही. दुकानात चिलेटेड आयर्न मिळतं. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात द्या, नवी पालवी हिरवी येते. जुनी पिवळी पानं बहुतेक तशीच राहतात, त्यांच्याकडे बघून औषध वाढवू नका.

कात्री कुठे चालवायची, कुठे नाही

मोगऱ्याला सगळ्यात आधी हात लावा, कारण चैत्रात गजरा हवा असेल तर त्याचं काम जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्हायला हवं. आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करा. पानं मलूल झाली की फांद्या साधारण निम्म्यावर आणा, उरलेली पानं हाताने काढून टाका, वरची माती मोकळी करून दोन मुठी शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी द्या. त्यानंतर त्याला कमीत कमी पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीतला मोगरा हिरवा राहतो, फुलत नाही; तिथे खताचा काही उपयोग नाही, कुंडी हलवा.

जास्वंदीची उंची एक तृतीयांश कमी केली की खालून नव्या फांद्या येतात, आणि फुलं नव्या फांदीवरच लागतात. कढीपत्त्याचा शेंडा खुडा. तुळशीच्या मंजिऱ्या काढत राहा. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरातच होऊन जाते. आता फक्त सुकलेलं फूल खाली पाच पर्णिकांचं पहिलं पान दिसेल तिथपर्यंत कापायचं आणि कलमाच्या गाठीखालून फुटलेले धुमारे मुळापासून काढायचे. तो जंगली गुलाब असतो, वरच्या गुलाबाचं सगळं खाऊन टाकतो.

लिंबाला कात्री लावू नका. तो फुलावर असतो. त्याला या दिवसांत पाण्यातला धरसोडपणा सहन होत नाही. चार दिवस कोरडा ठेवून एकदम बादली ओतली की फुलं खाली. बोगनवेलही फुलात असेल तर बहर ओसरल्यावरच कापा. आणि कुठल्याही वेलात हात घालण्याआधी नीट बघा: शिंजिर पक्ष्याचं लोंबतं घरटं किंवा शिंपी पक्ष्याने शिवलेली पानं असतील तर तिथली छाटणी पुढे ढकला.

आता काय पेरायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, गिलकं आणि लाल माठ. एवढं सगळं एकाच घरात नको. चार माणसांच्या घराला दोन वेल, सहा-आठ भेंडीची झाडं आणि माठाचा एक टब पुरेसा आहे. बी छावणी किंवा सियागंजच्या दुकानांतून घ्या, पाकिटावरची मुदत वाचून. मोठं पाकीट स्वस्त पडतं, म्हणून दोन-तीन शेजारणींनी मिळून घ्यावं आणि वाटून घ्यावं.

भेंडीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी एक इंच खोल टाका, एका जागी दोन बिया. आठवड्याभरात कोंब दिसतात. दोनपैकी कमजोर रोप उपटू नका, मुळाशी कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं दुखावत नाहीत. बारा इंची कुंडीत एक किंवा फार तर दोन झाडं. पेरल्यापासून साधारण पन्नास दिवसांत पहिली भेंडी हाती येते, आणि मग दर दुसऱ्या दिवशी तोडायची. राहिली की जून होते आणि झाडाचं फुलणं मंदावतं. वेलांना अठरा इंचांहून लहान पिशवी देऊ नका. लहान जागेत वेल वाढतो, पण एप्रिलच्या उन्हात दुपारी रोज मान टाकतो.

टोमॅटो आता नव्याने लावण्यात अर्थ नाही. फळ धरायच्या वेळेला पारा पस्तिशी ओलांडतो आणि फुलं गळतात. लावलेला आहे त्याला आधार द्या आणि खात राहा. मिरची आणि वांगं मात्र रोपं आणून लावता येतील. कोथिंबीर उन्हात तुऱ्यावर येते. ती पूर्वेच्या कोवळ्या उन्हात, थोडी थोडी, दर पंधरा दिवसांनी टाका. पुदिन्याचं रोप विकत घेऊ नका. भाजीवाल्याच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळं फुटतात.

नर्मदा येते त्या दिवशी

इंदुरात पाण्याला आपण ‘नर्मदा’च म्हणतो, आणि ती बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढून. पहिल्या टप्प्याचं पाणी शहरात १९७८ मध्ये आलं. इतक्या लांबून उचललेलं पाणी पाइप सोडून कुंड्यांवर ओतणं बरं नव्हे, आणि कुंड्यांनाही ते नको असतं. फेब्रुवारीत बहुतेक कुंड्यांना दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर झारी पुढच्या कुंडीकडे. मार्चच्या उत्तरार्धात लहान कुंड्यांना रोज, सकाळी आठच्या आत.

म्हणून वेळापत्रक नळाच्या दिवसाला बांधा. नळ येतो त्या सकाळी पिंप भरून ठेवायचं आणि मोठ्या पिशव्यांना खोलवर पाणी. मधल्या दिवशी पिंपातल्या पाण्याने फक्त लहान कुंड्या. एका माणसाला दहा मिनिटं. हे काम घरातल्या एकाच व्यक्तीचं ठेवा. ‘मला वाटलं तू घातलंस’ या वाक्याने जितकी झाडं मरतात तितकी किडीने मरत नसतील.

बोअरवेलचं पाणी जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजा. महिन्यातून एकदा नर्मदेच्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढा, खालून वाहून जाईपर्यंत. आरओचं टाकाऊ पाणी रोज झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. नळाच्या पाण्याच्या आरओचं असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून चालेल. बोअरच्या आरओचं फरशी पुसायला वापरा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र त्याच दिवशी बेधडक घाला.

लग्नाला चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर कुंड्या सावलीत एकत्र आणा, मध्ये पाण्याची बादली उंचावर ठेवा आणि जाड सुती दोऱ्या भिजवून एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं प्रत्येक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खुपसा. निघण्याआधी एक दिवस करून बघा. दोरी नायलॉनची असेल तर पाणी चढत नाही.

पानगळ हे खत आहे, आणि ही विद्या इथलीच

मालव्यातला वसंत म्हणजे पानगळही. कडुनिंब, पिंपळ, बदाम यांचा खच पडतो आणि लोक तो झाडून पिवळ्या गाडीत देतात किंवा, त्याहून वाईट, जाळतात. दोन पोती पानं भरून ठेवा. एक पोतं कंपोस्टला, एक एप्रिलमध्ये कुंड्यांवर पसरायला.

कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभरच्या शेतीत शिकवली जाते. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथेच, त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही पद्धत बसवली. गांधीजी १९३५ मध्ये इंदुरात आले तेव्हा ते पाहायला गेले होते. पद्धतीचं मर्म शेतकऱ्याच्या घरात असलेल्याच वस्तूंत होतं: पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, थरावर थर, हवा खेळती, ठरावीक दिवसांनी ढीग उलटणं, आणि तीन महिन्यांत खत.

गच्चीवर तेच लहान करायचं. झाकणाच्या पिंपाला बाजूला आणि तळाला पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा, खाली विटा द्या. तळाशी काड्या आणि जाड पानांचा चार बोटं थर. त्यावर दिवसाचा ओला कचरा, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडी पानं चुरून. दर तीन-चार दिवसांनी कुंडीतली जुनी माती किंवा शेणाचा काला, आणि चिमूटभर राख. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. पिंप भरलं की पंधरा दिवसांनी सगळं खालीवर करा, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. वास आला तर समजा पाणी जास्त आणि पानं कमी झालीत. पानं वाढवा आणि ढवळा. शिजवलेलं तेलकट अन्न आणि दूध-दही यात नको, उंदीर येतात.

बाकीच्या शहरांत लोकांना ओला-सुका वेगळा करायचं शिकवावं लागतं. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं ते घरोघरी ही सवय लागल्यामुळेच. म्हणजे कंपोस्टचं अर्धं काम आपल्या स्वयंपाकघरात आधीच झालेलं असतं. तरी गच्चीवर पिंप असलेली घरं मला फार दिसत नाहीत, याचं नवल वाटतं.

मावा, पिठ्या आणि लाल कोळी

कोवळी पालवी आली की मावा येतो. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस सलग. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण मात्र चिवट. थोडा असेल तर जुन्या ब्रशने पुसा, जास्त असेल तर ती फांदीच कापून पिशवीत बांधून टाका. फवारायचं तर एक लिटर पाण्याला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांडी घासायचा द्रवसाबण. साबण आधी तेलात घोटून मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं. आठवड्याने पुन्हा. फवारणी सूर्य कलल्यावरच करा, म्हणजे पानं भाजत नाहीत आणि मधमाश्याही परतलेल्या असतात. एप्रिलमध्ये पानांच्या मागे बारीक जाळी आणि पुढे पांढुरके ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून पानांची मागची बाजू रोज सकाळी पाण्याने धुणं हाच मुख्य उपाय.

होळी ते रंगपंचमी

या पाच दिवसांत बागेत काही नवीन करू नका. कोवळी रोपं आणि तुळस भिंतीच्या आडोशाला सरकवा, जुनी ओढणी टाका. रंग उडालाच तर त्याच दिवशी पानं साध्या पाण्याने धुवा. मुलांसाठी पळसाची वाळलेली फुलं रात्रभर कोमट पाण्यात भिजवली की सुंदर केशरी रंग उतरतो, आणि ते पाणी कुंडीत सांडलं तरी काळजी नाही.

होळीची राख कुंड्यांत घालायची जुनी पद्धत आहे. आपल्या मातीत मी ती घालू नका म्हणेन. राख अल्कधर्मी, माती आधीच तशी; वर सार्वजनिक होळीत रंगवलेलं फर्निचर आणि प्लायवूडही जळालेलं असतं. घरच्या होळीची, निव्वळ लाकूड-गोवऱ्यांची राख असेल तर कंपोस्टच्या थरांत थोडी थोडी वापरा.

बागेला एक तारीख द्या

नुसतं ‘बागेत बसायला हवं’ म्हणून कोणी बसत नाही. पाहुणे येणार म्हटलं की बसतात. मराठी घरांत त्यासाठी आयतं निमित्त आहे: चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठलाही दिवस. तो यंदा दिवाणखान्याऐवजी गच्चीवर, सूर्य मावळल्यावर ठेवा. फेब्रुवारीत छाटलेला मोगरा तोवर ओंजळभर फुलं देतो, आंब्याच्या डाळीच्या फोडणीला घरचा कढीपत्ता, पन्ह्याच्या पेल्यात हवा असेल तर पुदिन्याचं पान. तारीख पक्की झाली की घरातली माणसं आपोआप कुंड्या पुसायला, विझलेला दिवा बदलायला, मोडकी खुर्ची खाली न्यायला लागतात. परीक्षा संपलेली मुलं नावांच्या पाट्या लिहितील. पाडव्याला लागणारा कडुनिंबाचा फुलोरा बाजारातून आणण्यापेक्षा गल्लीतल्या झाडाखाली सकाळी जाऊन घ्या, त्या दिवसांत तो भरपूर असतो.

मधल्या दिवसांत एक साधी सवय लावून घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ बागेत खुरपी, झारी, कात्री काहीही न घेता जा. पिवळं पान दिसेल, राहू द्या. ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असतं.

एप्रिल लागताना

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, गच्चीच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला. वारा धरतो म्हणून दोऱ्या चारही कोपऱ्यांना आणि मध्येही. भेंडी, मोगरा, बोगनवेल जाळीबाहेर, बाकी आत. कुंड्या एकमेकींना टेकवून ठेवा, वर कोरड्या पानांचा दोन इंच थर द्या. खतं बंद. थंडीची फुलं संपत आलेली असतात; कॅलेंडुला, लार्कस्पर, फ्लॉक्सच्या वाळलेल्या बोंडांतून बी काढून कागदी पाकिटात नाव-वर्ष घालून ठेवा. संकरित पिटुनियाचं बी जपू नका, पुढच्या वर्षी तेच फूल येत नाही. डेलियाची पानं पूर्ण वाळली की कंद उकरून कोरड्या वाळूत ठेवायचे. शेवंतीची जुनी झाडं फेकू नका. मुळाशी फुटवे असतात, ती सावलीत जगवली की पावसाळ्यात त्यांचीच नवी रोपं होतात.

वेलांची दुसरी खेप अक्षय्य तृतीयेच्या आळ्यांना. अंगण असेल तर दीड फूट रुंद, फूटभर खोल आळं, निम्मं कंपोस्ट आणि निम्मी माती, भोपळ्याच्या तीन बिया. आणि सराफ्यात थंडीभर तळून खाल्लेला गराडू शेवटी शेवटी बाजारात येतो, तेव्हा एक चांगलासा कंद वेलीकडचं टोक शाबूत असलेला बघून घ्या. ते टोक पाव किलोभर कापून, कापलेल्या बाजूला राख चोळून, स्वयंपाकघरातल्या कोरड्या टोपलीत ठेवा. कोंब फुटला की मे-जूनमध्ये मोठ्यात मोठ्या पिशवीत लावा आणि वेलाला चांगला उंच आधार द्या, कारण पावसाळ्यात तो गच्चीची जाळीही सोडत नाही.